नातीचा पहिला चाकू

विळी आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर असते. मूल रांगायला लागलं की ती फळीवर जाते, मूल जरा कळतं झालं की पुन्हा खाली येते. त्यावर कधी कोणी घरात चर्चा केल्याचं मला आठवत नाही. चाकू म्हटलं की मात्र चर्चा होते. सात वर्षांच्या नातीला खिशात मावणारा, मिटणारा चाकू घेऊन द्यायचं मी मनात आणलं, तशी पुण्याहून लेक फोनवर आली. "बाबा, ती सात वर्षांची आहे." मागून जावयाचा आवाज, "घ्यायचाच तर स्विस घ्या." आणि समोर बसलेली बायको म्हणाली, "द्या बापडे, पण बोट कापलं तर हळद तुम्ही लावायची."

मी सावंतवाडीच्या बाजूला शाळेत कार्यानुभव शिकवायचो. पोरांच्या हातात करवत, कानस, पटाशी देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. तेव्हा कापलेली बोटं पाहिली आहेत, आणि ती बहुतेक बोथट हत्याराने कापलेली पाहिली आहेत. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते लाकडात न शिरता घसरतं, आणि घसरल्यावर ते कुठे जाईल हे लावलेल्या जोरावर ठरतं. म्हणून "लहान मूल आहे, जरा बोथटच द्या" म्हणणाऱ्याशी मी वाद घालतो. टोक बोथट असावं, धार नाही. या दोन गोष्टींची लोक नेहमी सरमिसळ करतात. टोक भोसकतं, धार कापते. पोर चाकू घेऊन पळालं, धडपडलं, दुसऱ्याशी झोंबाझोंबी झाली, तर धोका टोकाचा. कामाला बसलेल्या पोराला धोका बोथट धारेचा.

आमच्या पिढीकडे तर चाकूही नव्हता. पेन्सिलीला टोक काढायला दाढीच्या ब्लेडचं अर्धं पान मिळायचं, कंपासपेटीत कागदाच्या घडीत ठेवलेलं. ज्याला मूठच नाही असं पातं पहिलीच्या पोराला द्यायचं आणि मूठवाला चाकू बघून दचकायचं, हे मला कधी उमगलं नाही. हल्लीच्या प्रकल्पवह्यांसाठी घरोघर आणतात ते प्लास्टिकचं सरकतं कटर तर मी लहान मुलाला देणारच नाही. त्याचं पातं मुद्दाम तुटावं म्हणून खाचा पाडलेल्या असतात. जरा आडवा जोर पडला की तुकडा उडतो.

किती वर्षांचं मूल झालं की चाकू द्यावा, असं मला लोक विचारतात. मी वय बघत नाही. काकडी सोलायला बसवतो आणि मध्येच "थांब" म्हणतो. हात जागच्या जागी थांबला तर पुढे बोलू. "थांबते हं, एवढं एकच" असं म्हणून हात चालूच राहिला तर पुढच्या मे महिन्यात बघू. दहा वर्षांचे काही वीर यात नापास होतात. आमची बाय, म्हणजे नात, थांबली. वर माझ्याकडे बघून "आता?" असंही विचारलं.

मग चाकू कोणता?

पहिल्यांदा मी आमच्या लोहाराकडे गेलो. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं पोलाद घेऊन तो जी कोयती करतो तिला तोड नाही. छोटी, न मिटणारी सुरी करून देशील का, विचारलं. कामासाठी न मिटणारं पातं सर्वांत भरवशाचं, कारण ते बोटांवर मिटूच शकत नाही. स्वीडन-नॉर्वेकडे पोरांना पहिली सुरी अशीच देतात. स्वीडनच्या मोरा कंपनीच्या मुलांसाठीच्या सुऱ्यांना तर मुठीच्या पुढे बोट अडवायला आडवी पट्टी असते, म्हणजे हात पुढे सरकून पात्यावर जात नाही. लोहार माझ्याकडे बघत राहिला. "गुरुजी, चेडवाच्या हातात सुरी कित्याक?" पण करून दिली. उत्तम झाली आणि माझ्याच कमरेला आली. पातं जाड, वजन पुढे. फांदी तोडायला हवंहवंसं, पण सात वर्षांच्या मनगटाला ते वजन सांभाळता सांभाळता नेमकेपणा राहत नाही. शिवाय नातीला खिशात मावणारा हवा होता. तिच्या फ्रॉकला खिसा आहे ही तिच्या दृष्टीने त्या वर्षातली मोठी घटना होती.

जत्रेत मिळणारे घडीचे चाकू मी लांबूनच ओळखतो. उघडून पात्याला अंगठ्याने डावी-उजवीकडे ढकलून पाहा. खिळ्यात ते खुळखुळत असेल तर परत ठेवा. खटका दाबला की पातं सुटून बाहेर येतं ते चाकू लहान मुलासाठी नाहीतच. मोठ्या माणसालाही त्यांचं काय काम असतं, मला ठाऊक नाही.

जावयाचं स्विस प्रकरण विचार करण्यासारखं होतं. कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ साली इबाख गावात कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैनिकांना चाकू पुरवायला सुरुवात केली. व्हिक्टोरिनॉक्स कंपनी ती हीच. लहान मुलांसाठी ते गोल टोकाचा, ८४ मिलिमीटरचा एक चाकू काढतात. पोलाद चांगलं, काम नेटकं. माझ्या मनात तो दोन कारणांनी मागे पडला. एक म्हणजे पातं उघडं धरून ठेवणारी फक्त स्प्रिंग असते, अडसर नसतो. मोठा माणूस पात्याच्या पाठीवर दाब देत नाही म्हणून त्याला चालतं. पोरं चाकू लाकडात रुतला की तो हलवून हलवून काढतात, आणि त्यात पातं उलट दिशेने दाबलं जातं. तेव्हा स्प्रिंग हार मानते आणि पातं बोटांवर मिटतं. दुसरं कारण स्वभावाचं. डबा उघडायचं एक, बाटली उघडायचं एक, चिमटा, दातकोरणं असलं की मूल चाकू चालवत नाही, चाकूशी खेळतं. हे खेळणं वाईट आहे असं नाही, पण मला तिला एक पातं चालवायला शिकवायचं होतं.

शेवटी आला तो फ्रेंच ओपिनेल, सात नंबरचा, मुलांसाठी टोक गोल केलेला. आल्प्सच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या, घरचाच लोहारकामाचा वारसा असलेल्या तरुणाने १८९० साली हा चाकू केला, आणि शेतकऱ्यांच्या खिशातला चाकू म्हणून तो तिकडे रुळला. यात आहे काय, तर लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा आणि गळ्याशी एक पोलादी कडी. ती कडी १९५५ साली आली. पातं उघडून कडी फिरवली की पातं मागे येऊ शकत नाही. कडी परत फिरवल्याशिवाय चाकू मिटतच नाही. सात नंबरचं पातं ८ सेंटिमीटर.

मला पटली ती ही कडी. ती आपोआप लागत नाही. दर वेळी हाताने फिरवावी लागते, म्हणजे दर वेळी लक्ष चाकूकडे जातं. उघडायचा, कडी फिरवायची, पात्याची पाठ अलगद दाबून खात्री करायची, मग काम. मिटताना कडी सोडायची, बोटं मुठीच्या बाजूंना, पात्याच्या वाटेत एकही नाही, मग तळव्याने पातं खाली. या क्रमात घाई करताच येत नाही, आणि सात वर्षांच्या मुलीला नेमकं तेच हवं.

विकत घेताना माझी एकच अट होती. चाकू मुलाला स्वतः उघडता आणि मिटता आला पाहिजे. मोठ्यांनी उघडून द्यायचा चाकू हा मोठ्यांचाच चाकू. कडक स्प्रिंगचा चाकू उघडताना लहान नख खाचेतून सटकतं, मग पोरगं दातांनी ओढायला जातं. तेही पाहिलं आहे. मूठ हातात देऊन बघावी. चार बोटं बसून पुढे अंगठ्यापुरती जागा उरावी. बायच्या हातात हा बसला. तिने कडी फिरवली, परत फिरवली, पुन्हा फिरवली, आणि मग पात्यावर कोरलेला शिक्का पाहिला. मुकुटाखाली उघडा पंजा, त्यातली तीन बोटं सरळ आणि दोन मिटलेली.

"आबा, याची दोन बोटं चाकूनं गेली?"

तो आशीर्वादाचा हात आहे, त्यांच्या जवळच्या गावाच्या मानचिन्हातला, आणि मुकुट सावोआच्या सरदारांचा, हे मी तिला सांगितलं. तिला तिचंच कारण जास्त पटलं आणि मी तेच चालू दिलं. शिकवणीला बरं पडलं.

कोकणात राहायचं तर चाकू घेताना पावसाचा विचार आधी. साधं पोलाद घेतलं तर जूनमध्ये गंज, आणि त्याआधी मे महिन्यातच कैरी, कोकम कापून ते काळं पडतं. तो काळेपणा खराब नसतो, आंबटाने धरलेला थर असतो, आमच्या विळ्या सगळ्या तशाच आहेत. पण मुलाने रोज पुसून तेलाचा हात लावावा अशी अपेक्षा पहिल्या वर्षी करू नये. म्हणून पात्यावर इनॉक्स लिहिलेला, न गंजणारा घ्यावा. लाकडाला मात्र इलाज नाही. लाकडी मूठ दमट हवेत फुगते आणि फटीत पातं आवळून धरते. ओपिनेल वापरणारे सगळे हे जाणतात. सावोआतले शेतकरी कडी सैल करून मुठीचा बुंधा टेबलावर ठोकतात, पातं जरासं बाहेर डोकावतं, मग ते चिमटीत धरून उघडायचं. गणपतीत बाय आली तेव्हा आमच्याकडे पंधरा दिवस सूर्य दिसला नव्हता आणि चाकू मिटून बसला होता. तिला ही ठोकायची युक्ती दाखवली, तर तिला चाकू उघडण्यापेक्षा ठोकण्यातच रस. मग चाकू उघडून सावलीत वाळवला (चुलीवर नाही, मूठ तडकते) आणि खिळ्याच्या फटीत मेणबत्तीचं मेण जिरवलं. आता बरा चालतो. दर पावसाळ्यात हे करावं लागणार.

चाकू आला म्हणून लगेच लाकूड देऊ नये. आधी आंघोळीच्या साबणाची वडी. साबण कुठल्याही बाजूने सारखाच कापला जातो, त्याला रेषा नसतात, आणि चुकलं तरी वडी न्हाणीघरात कामाला येते. साबणावर हात बसला की ओली, हिरवी काठी. ओलं लाकूड वाळलेल्यापेक्षा कितीतरी मऊ. आमच्याकडे पांगारा उत्तम. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वापार त्याच लाकडाची होत. काटे आधी मोठ्या माणसाने काढून द्यायचे. शेवग्याची फांदीही चालते. बांबू पहिल्या वर्षी नको. तो चिरत जातो आणि त्याची कड पात्याइतकीच कापते.

पुण्या-मुंबईहून सुट्टीत आलेली मुलं दिसेल ती काठी उचलतात, म्हणून एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी दाखवतो. कण्हेर तोडायची नाही, तासायची नाही, तिचे सगळे भाग विषारी. काजूची फांदी नको, चीक कातडीला लागतो. शेराच्या पांढऱ्या चिकाचा हात डोळ्याला लागला तर डोळ्यावर बेततं. बिब्ब्याच्या झाडाखाली तर उभंच राहायचं नाही. चाकूचे नियम शिकवणारे झाडांबद्दल बोलत नाहीत, पण चाकू आला की मूल झाडाकडेच जातं.

बाकी नियम थोडे. बसूनच काम. कोपर गुडघ्यांच्या पुढे, काठी मांडीवर ठेवून तासायची नाही, कारण मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी आहे. हात लांब करून चहूकडे फिरवायचा, कोणाला लागला तर आधी त्याला उठवायचं. पातं नेहमी स्वतःपासून लांब जाईल असं चालवायचं. हे समजावायला मी विळी मांडली. विळीवर भाजी आपण पुढे, स्वतःपासून दूर ढकलतो. इथे हत्यार फिरतं आणि वस्तू थांबते, एवढाच फरक, दिशा तीच. बायला हे एका फटक्यात कळलं, कारण आजीला भाजी चिरताना ती जन्मापासून बघते आहे. हातातून चाकू सुटला तर झेलायचा नाही, पाय मागे घ्यायचे आणि पडू द्यायचा. दुसऱ्याला द्यायचा तर हातात द्यायचा नाही, मिटून खाली ठेवायचा, त्याने उचलायचा. हा शेवटचा माझ्या आईचा नियम. ती म्हणायची, हातात दिला की भांडण होतं. भांडणाचं मला माहीत नाही, पण बोटं राहतात.

धार मात्र मी लावतो. निसण्यावर पाणी टाकून, पातं दगडाशी जेमतेम तिरकं धरून, दोन्ही बाजूंनी सारखे हात. दगड नसेल तर चिनी मातीच्या बरणीच्या बुडाची खरखरीत कडा चालते. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून आवाज न करता कापला गेला की झालं. नात शेजारी बसून बघते. अजून तिच्या हातात ते काम नाही.

गणपतीत पाऊस जरा ओसरला तेव्हा ओढ्यावरून बोरू आणला. आम्ही शाळेत बोरूने कित्ते गिरवले, हे तिला माझं खोटं वाटत होतं. वीतभर तुकडा घेतला, टोकाशी लांबट तिरका काप घ्यायचा, मग आतली मऊ भेंड खरवडून काढायची. पहिल्या बोरूला तिने एवढा दाब दिला की तो उभा चिरला. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला मी काही बोललो नाही, तिनेच पातं जास्त आडवं धरलं, आणि कापाची पातळ साल वळून तिच्या फ्रॉकवर पडली. त्यानंतर जिभेला मधोमध चीर द्यावी लागते, शाई त्यातून उतरते. ती चीर तिच्या चाकूने देता येईना. गोल टोक तिथे शिरतच नाही. मी लोहाराची सुरी काढली आणि चीर दिली. तिने आपला चाकू आणि माझी सुरी शेजारी धरून पाहिल्या.

"मला टोकाचा कधी?"

"दहाव्या वर्षी."

"आईला विचारून?"

"आईला विचारून."

गोल टोकाला हे एवढंच वावडं आहे. भोक पाडता येत नाही, चीर देता येत नाही, डोळा कोरता येत नाही. त्या वयाला ते चालून जातं. बोरूने तिने कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, शाई गळून. मग माझं लिहिलं. माझ्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकवला, पण मी गुरुजीपण आवरलं.

बोट कापलं का, हे बायकोने रोज विचारलं. एकदा कापलं, डाव्या तर्जनीच्या टोकाला, मिटताना नव्हे, सालपट काढताना. पाण्याखाली धरलं, स्वच्छ फडक्याने दाबून धरलं, थांबलं. हळद ठरल्याप्रमाणे मी लावली. चाकू त्या दिवशी परत मागितला नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागितला, तेव्हा दिला. त्या वेळी काढून घेतला असता तर तिच्या डोक्यात चाकू म्हणजे शिक्षा, असं बसलं असतं.

पुण्याला जाताना चाकू बरोबर न्यायचा का, यावर फोनवर पुन्हा चर्चा झाली. कायद्याचं लेकीला सांगितलं. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकाम-शेतीची सोडून. आपलं पातं त्याच्या आसपासही नाही. पण कायद्यात बसतं म्हणून सगळीकडे न्यावं असं नाही. शाळेच्या दप्तरात कधीही नाही, कोणालाही दाखवायला नाही. मोप्याहून विमानाने जायचं तर हातातल्या पिशवीत चालत नाही, खाली जाणाऱ्या बॅगेत घालायचा. पुण्यात तो आईच्या कपाटात वरच्या फळीवर असेल, आणि रविवारी आई शेजारी बसेल तेव्हाच खाली येईल. लेकीने मान्य केलं. मग म्हणाली, "बाबा, मला तासायला कुठे येतं?" तिलाही साबणाची वडी घ्यायला सांगितली आहे.

धाकटा नातू साडेतीन वर्षांचा. ताईचं बघून त्यालाही हवा आहे. सध्या त्याला लोणी लावायची सुरी आणि एक केळं देतो.